दोन्ही कवितांत पक्षी आहेत, मग पुढे काय?

प्रिय ताई,
मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मराठी स्पेशल घेतलंय. आम्हाला ४२ कवितांचा एक संग्रह लावलाय आणि त्यातल्या दोन किंवा तीन कविता घेऊन त्यांच्यातली समान सूत्रं दाखवणारा निबंध लिहायचाय. मी बहिणाबाईंची 'खोप्यामधी खोपा' आणि बालकवींची 'पारवा' घेतली कारण दोन्हीत पक्षी आहेत. लिहिलं की दोन्ही कवींचं निसर्गावर प्रेम दिसतं. मॅडमनी लाल पेनाने 'वरवरचं आहे' एवढंच लिहून परत दिलं. परत कुठून सुरुवात करू तेच कळत नाहीये. मैत्रीण म्हणते की हे सगळं आपण ओढूनताणून काढतो, कवीच्या मनात असलं काही नसतंच. शिवाय मला सगळ्यात जास्त आवडते ती बालकवींचीच 'औदुंबर' आणि ती कुठेच बसत नाही. आणि निबंधाला शीर्षक काय द्यायचं तेही सांगा.
– सारखेपणा शोधून दमलेली

अगं, आधी हे सांगते की तुझी निवड चुकलेली नाहीये. त्या दोन कविता शेजारी शेजारी ठेवाव्यात असं तुला वाटलं ना, ते अगदी बरोबर वाटलं, फक्त तू उंबऱ्यापर्यंत गेलीस आणि आत न जाता तिथूनच परत फिरलीस. मॅडमना बहुतेक तेच म्हणायचं असणार, त्यांनी दोन ओळी जास्त लिहिल्या असत्या तर तुला एवढा त्रास झाला नसता असं मला वाटतं, पण असो.

पक्षी दोन्हीकडे आहे हे खरंय. पण पक्षी ही कवितेतली एक गोष्ट झाली आणि निसर्ग हा विषय झाला. विषय एका शब्दात सांगून होतो, निसर्ग, प्रेम, मृत्यू, आई, पाऊस, आणि हे शब्द एवढे ऐसपैस असतात की तुझ्या ४२ पैकी निम्म्या कविता तरी 'निसर्ग' या एका शब्दात मावतील, मग तू याच दोन का घेतल्यास याचं उत्तर त्यातून मिळतच नाही. आशयसूत्र म्हणतात ते वेगळं. ते सांगायला अख्खं वाक्य लागतं आणि वाक्य म्हटलं की क्रियापद लागतं. म्हणून मी नेहमी सांगते की दोन कवितांमधली नामं जुळवत बसू नका, क्रियापदं बघा. पक्षी आहे, ठीक आहे, पण तो करतोय काय? बांधतोय, बसलाय, उडत नाहीये, गातोय, कोणाची वाट बघतोय? आणि त्याला बघणारं माणूस कवितेत कुठे उभं आहे?

आता तुझ्याच दोन कविता घेऊन करून बघू.

बहिणाबाईंची सुगरण काय करते? ती विणते. चिमुकल्या चोचीने खोपा विणते आणि झाडाला टांगते. इथे थांब आणि 'टांगला' या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मार, कारण तो दोनदा आलाय. आधी 'झोका झाडाले टांगला' असं आहे आणि लगेच पुढच्या कडव्यात 'जीव झाडाले टांगला'. म्हणजे आधी वस्तू टांगली जाते आणि मग त्याच क्रियापदाने त्याच झाडाला आईचा जीव टांगला जातो. घर म्हणजे तिचा जीवच, हे बाईंनी समजावून सांगितलेलं नाहीये, नुसता एक शब्द पुन्हा वापरलाय आणि काम झालंय. (मला ही जागा इतकी आवडते की किती वेळा वाचली तरी तिथे आल्यावर जरा थांबायला होतं.) मग शेवटी कविता एकदम आपल्याकडे वळते, अरे माणसा बघ हिची कारागिरी, हिच्याकडे एवढीशी चोच आहे आणि तुला तर दोन हात आणि दहा बोटं दिलीत. म्हणजे बोलणं चाललंय माणसाशी, आणि बोट दाखवलंय पक्ष्याकडे.

आता पारवा बघ. भिंत खचलेली, खांब कलथलेला, जुनी पडकी धर्मशाळा आणि तिच्या कौलात हा एकटा बसून गातोय. भर दुपार आहे, सूर्य डोक्यावर, घार त्याच्याभोवती फिरतेय आणि बाकीचे पक्षी पानांच्या सावलीत पेंगतायत. आणि कवी त्याला म्हणतो की तुला उडायची हौस नाही, हिरव्या झुबक्यात दडायचीही हौस नाही. हे वाचलंस का नीट? सुगरणीने सगळा जीव झाडाला टांगला आणि या पारव्याने झाड नाकारलंय. बाहेर झाडं आहेत, सावली आहे, तरी तो पडक्या घरात बसलाय. पुन्हा धर्मशाळा म्हणजे कोणाचंच घर नाही, येणाऱ्याजाणाऱ्याने एक रात्र टेकायची जागा, आणि तीही मोडलेली. शिवाय इथे बोलणं उलट्या दिशेने चाललंय, माणूस पक्ष्याशी बोलतोय, तुला काही दुखतंखुपतं का सांग ना असं विचारतोय, आणि शेवटी म्हणतोय की माझ्या जगात गरम वारे फिरतायत पण तुला त्याचं भान नाही. बहिणाबाईंच्या कवितेत पक्षी माणसाला शिकवतो, इथे पक्ष्याला माणसाचा पत्ताच नाही.

मग आता सांग, समान काय आहे? पक्षी आहे असं तू आता म्हणणार नाहीस. दोन्ही कवितांत घर आहे. एकीत ते बांधलं जातंय, दुसरीत ते पडून गेलंय, आणि दोन्हीकडे कवी पक्ष्याच्या घराशेजारी उभा राहून माणसाचं काहीतरी तपासतोय. हे वाक्य झालं बघ. हे तुझ्या मॅडमना दाखव.

यातून मी एक साधी परीक्षा करते, मी तिला 'पण'ची परीक्षा म्हणते. 'दोन्ही कवितांत अमुक आहे, पण...' एवढं लिहायचं आणि पुढे काही सुचतंय का बघायचं. 'दोन्ही कवितांत पाऊस आहे, पण' आणि पुढे गाडी अडली तर तो धागा कच्चा आहे, सोडून द्यायचा, त्यात वेळ घालवायचा नाही. 'दोन्ही कवितांत घर आहे, पण एकीला ते हातांनी करायचं काम वाटतं आणि दुसरीला गमावलेली गोष्ट' इथपर्यंत पोचलीस की निबंध सुरू झाला. मुलं सारखेपणा शोधताना फरकाला घाबरतात, वाटतं की फरक सापडला म्हणजे आपला मुद्दा पडला. खरं तर सारखेपणा नुसता दोन कवितांना एका खोलीत आणून बसवतो, गप्पा फरकामुळे होतात.

आता तिसरी कविता. तू अनुक्रमणिकेचा फोटो पाठवलायस त्यात कुसुमाग्रजांची 'कणा' आहे, पण ती वेगळ्या विभागात, 'माणूस आणि जिद्द' अशा मथळ्याखाली, म्हणून तू तिकडे बघितलंच नसणार. याचा माझा अनुभव सांगते. मी कॉलेजात असताना आवडलेल्या कविता एका जाड वहीत हाताने उतरवून काढायचे. एकदा असं झालं की डाव्या पानावर आधीची उतरवलेली 'पारवा' होती आणि समोरच्या कोऱ्या पानावर मी 'कणा' उतरवत होते, आणि लिहिता लिहिता हात थांबला. 'भिंत खचली.' मी हेच दोन शब्द डाव्या पानावर पण लिहिले होते, त्याच माझ्या अक्षरात. पारव्याच्या कवितेची सुरुवातच त्या दोन शब्दांनी होते आणि 'कणा'त पुराने काय काय नेलं ते सांगताना तेच दोन शब्द येतात. मी कितीतरी वर्षं दोन्ही कविता पाठ म्हणत होते पण हे कधी लक्षात आलं नव्हतं, कारण माझ्या डोक्यात एक 'उदास निसर्गकविता' होती आणि दुसरी 'प्रेरणादायी कविता', आणि हे दोन डबे एकमेकांपासून लांब ठेवलेले होते.

मग मी पुढचं नीट वाचायला लागले. पुरात घर गेलेला तो मुलगा आपल्या जुन्या सरांना भेटायला आलाय आणि घडलेलं सांगताना तो नदीला पाहुणी म्हणतो आणि स्वतःच्या घराला काय म्हणतो माहितीये? घरटं. गंगामाई पाहुणी आली आणि घरट्यात राहून गेली. म्हणजे या कवितेत एकही पक्षी नाही आणि तरीही घरटं आहे! तू जर पक्षी शोधत अनुक्रमणिका चाळली असतीस तर ही कविता तुला कधीच सापडली नसती. आणि मग तो सांगतो की आता बायकोला बरोबर घेऊन पडकी भिंत बांधतोय, चिखलगाळ काढतोय. बालकवींची भिंत खचली ती तशीच राहिली, ती कोणी बांधत नाही, कोणी पाडली तेही कवी सांगत नाही. इथली भिंत खचली आणि लगेच पुन्हा चढायला लागली.

अजून एक, हात बघ. बहिणाबाई म्हणतात दोन हात दिलेत ना तुला. 'कणा'त सरांचा हात खिशाकडे जातो आणि तो मुलगा हसत उठतो, पैसे नकोत म्हणतो, त्याला हात हवाय तो पाठीवर. आणि पारव्याच्या कवितेत हात कुठेच नाहीत. मी शोधले, खरंच शोधले, त्या कवितेत मन आहे, झोप आहे, दुःख आहे, गाणं आहे, हात नाही. ज्या कवितेत हात नाहीत त्या कवितेतलं घर पडलेलं राहतं. हे मी पहिल्यांदा वहीच्या कडेला लिहिलं तेव्हा मला इतका आनंद झाला होता की मी रूममेटला झोपेतून उठवून सांगितलं.

तर असं. एखाद्या कवितेत जे नाहीये तेसुद्धा दुसरी कविता शेजारी ठेवली की दिसायला लागतं, एकटी कविता वाचून ते सहसा दिसत नाही.

आता तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं. ती म्हणते हे ओढूनताणून काढलेलं आहे. तिच्यावर चिडू नकोस, तिची शंका बरोबर जागेवर आहे. बालकवी १९१८ साली गेले, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांच्या 'भिंत खचली'ला पुढे कोणी असं उत्तर देईल हे त्यांच्या मनात असायचा प्रश्नच नाही. बहिणाबाई तर त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, १८८० सालच्या, पण त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, त्या काम करता करता म्हणायच्या आणि घरच्यांनी ते उतरवून घेतलं, आणि पुस्तक निघालं ते त्या गेल्यावर, १९५२ साली. म्हणजे बालकवी जाऊन ३४ वर्षं झाल्यावर. तेव्हा कोणी कोणाची कविता वाचून उत्तर दिलं असं काही तू लिहू नकोस, 'यावरून प्रभाव दिसतो' हे वाक्य तर अजिबात नको, प्रभाव सिद्ध करायला वेगळा पुरावा लागतो आणि तो तुझ्याकडे नाही. पण तुला कवीचं मन सिद्ध करायला सांगितलेलंच नाहीये. तुला दोन कवितांच्या ओळी एकत्र वाचायला सांगितल्यात. मैत्रिणीला सांग की माझी अट एकच आहे, मी जो धागा म्हणेन त्यासाठी दोन्ही कवितांतल्या नेमक्या शब्दावर बोट ठेवून दाखवेन, आणि बोट ठेवता आलं नाही तर मी तो मुद्दा खोडेन. 'टांगला', 'भिंत खचली', 'घरटं', हे शब्द कागदावर आहेत. त्यांचा अर्थ काय लावायचा यावर तुम्ही दोघी खुशाल भांडा, तसं भांडण व्हायलाच हवं.

आणि एक तिसरं माणूस आपण विसरतो, संग्रहाचा संपादक. या कविता एकत्र आपोआप आलेल्या नाहीत, कोणीतरी निवडून ओळीने लावल्यात. मराठीत जुना शब्द 'वेचे' असा होता, परशुरामपंत गोडबोल्यांनी १८५४ साली 'नवनीत' काढलं ते मराठी कवितांचे वेचेच होते, आणि वेचणं म्हटलं की वेचणारा हात आलाच. क्रम लावणं ही पण एक वाचायचीच गोष्ट आहे. जपानमध्ये साधारण ९०५ साली बादशहाच्या हुकमावरून 'कोकिनशू' नावाचा संग्रह झाला, २० भागांचा, त्यातले पाच भाग प्रेमकवितांचे आहेत आणि त्या कविता कवीप्रमाणे लावलेल्या नाहीत, प्रेम कसं सुरू होतं, वाढतं आणि विरून जातं त्या क्रमाने लावल्यात. वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेल्या कविता आणि वाचताना एकच गोष्ट पुढे सरकल्यासारखी वाटते, ही गोष्ट लिहिली कोणी मग?

आणि तमिळमधलं सगळ्यात जुनं, संगम साहित्य म्हणतात ते माहितीये ना, त्यातला 'अकनानूरु' हा ४०० प्रेमकवितांचा संग्रह आहे आणि त्याचा क्रम बघून मी थक्क झाले होते. तिथे कवितेची जागा म्हणजेच कवितेचं मन असा नियमच आहे, त्याला तिणै म्हणतात. डोंगर असेल तर भेट, जंगल असेल तर धीराने वाट बघणं, शेतजमीन असेल तर रुसवा, समुद्रकिनारा असेल तर विरहातली तगमग, आणि रखरखीत ओसाड प्रदेश असेल तर ताटातूट. संग्रह लावणाऱ्याने काय केलं तर सगळे विषम नंबर ओसाड प्रदेशाच्या कवितांना दिले, दोन आणि आठ ने संपणारे डोंगराच्या, चारने संपणारे जंगलाच्या, सहाने संपणारे शेतजमिनीच्या आणि दहा, वीस, तीस असे शून्याने संपणारे समुद्रकिनाऱ्याच्या. म्हणजे नुसता नंबर बघून कळतं कविता कुठे घडते आणि मनात काय चाललंय. आणि दर दुसरी कविता ताटातुटीची, म्हणजे प्रत्येक भेट, प्रत्येक रुसवा, प्रत्येक वाट बघणं दोन ताटातुटींच्या मधे चिमटीत पकडल्यासारखं येतं.

हे सगळं सांगितलं कारण 'ही कविता कुठे घडते आणि किती वाजता घडते' हा प्रश्न तू प्रत्येक कवितेला विचारावास असं मला वाटतं, फार साधा प्रश्न आहे आणि फार काही देऊन जातो. त्या तमिळ परंपरेत ओसाड प्रदेशाची वेळ ठरलेली आहे, भर दुपार. आणि पारव्याची वेळ कोणती होती? भर दुपार, बाहेर झळा. बालकवींनी तिकडून घेतलं असं मी म्हणत नाहीये, वर म्हटलं तसं ते म्हणायचंच नाही, पण एकटेपणा रात्रीचा असतो असं आपण धरून चालतो आणि या कविता तो दुपारच्या उन्हात ठेवतात, हे तुला वेळेचा प्रश्न विचारल्याशिवाय दिसणार नाही.

तर तुझ्या संग्रहाच्या संपादकाने काय केलंय ते बघ. प्रस्तावना वाच, परीक्षेला नसली तरी वाच. विभागांचे मथळे बघ आणि त्यांच्याशी मनात थोडं भांड. 'कणा' जिद्दीच्या विभागात का, घराच्या का नाही? संपादकाचा निर्णय चुकीचा आहे असं नाही, पण तो एका माणसाचा निर्णय आहे आणि तुझा धागा जर दोन विभागांच्या भिंतीमधून आरपार गेला तर निबंधात ते आवर्जून लिही, कारण तिथे तू स्वतः वाचलंस हे कळतं.

काम प्रत्यक्ष कसं करायचं ते थोडक्यात सांगते. हायलाइटर आधी घेऊ नकोस, कारण रंग मारला की डोळा परत परत तिथेच जातो आणि बाकीचं दिसेनासं होतं. आधी कविता मोठ्याने वाच, दोनदा, खोलीत कोणी असलं तरी वाच. मग एका कागदावर प्रत्येक कवितेसाठी दोन ओळी लिही, कोण कोणाशी बोलतंय, कुठे आणि कधी, आणि सुरुवातीला जे होतं ते शेवटी कसं बदललंय. एवढंच. सगळ्या ४२ कवितांचं केलंस तर दोन-तीन संध्याकाळी जातील आणि ते वाया जाणार नाही, मी सांगते, कारण कागद पुढे ठेवून बसलीस की धागे आपोआप डोळ्यांत भरतात, हिचा शेवट प्रश्नावर होतो आणि तिचाही प्रश्नावर होतो, ही आईशी बोलते आणि तीही आईशीच बोलते पण एकीची आई आता नाहीये. मग त्या दोन-तीनच कवितांची प्रिंट काढ आणि आता पेन्सिल घे, परत आलेले शब्द शोध. मोबाईलवर स्क्रोल करत हे होत नाही गं, दोन कागद शेजारी शेजारी लागतात, माझं ते वहीचं प्रकरण झालं तेसुद्धा दोन पानं समोरासमोर होती म्हणून.

रचनेचा धागाही असतो, मुलं तो विसरतात. ओवी आणि अभंग संतांनी वापरले आणि तेच साचे मर्ढेकरांनी विसाव्या शतकातल्या यंत्रयुगातल्या माणसाची घुसमट सांगायला घेतले, तर एखादा तुकोबांचा अभंग आणि मर्ढेकरांची अभंगाच्या चालीतली कविता शेजारी ठेवलीस तर चाल तीच आणि ज्याच्याकडे बघून ती म्हणायची तो आधार मात्र डळमळलेला, असा 'पण' तिथे तयारच असतो. हे तुझ्या निबंधात आलंच पाहिजे असं नाही. पण बहिणाबाईंची कविता म्हणून बघ, ती ओवीच्या अंगाने जाते, कामाच्या हाताला ताल देते, आणि 'पारवा' म्हणताना आवाज आपोआप खाली येतो. तू मोठ्याने वाचलंस तर हे मी सांगायची गरज नाही.

लिहिताना एक चूक हमखास होते, तुझ्याही झाली असेल. आधी एक पान पहिल्या कवितेबद्दल, मग एक पान दुसरीबद्दल, आणि शेवटच्या परिच्छेदात 'अशा प्रकारे दोन्ही कवितांत साम्य आढळते'. तसं लिहिलं की त्या दोन कविता एकमेकींना भेटतच नाहीत. प्रत्येक परिच्छेदात दोघी (तीन घेतल्यास तर तिघी) यायला हव्यात आणि परिच्छेद कवितेचा नाही, मुद्द्याचा असायला हवा, एक झाडाचा, एक बोलण्याच्या दिशेचा, एक हातांचा. साधारण असं: 'सुगरण झाडावर विश्वास टाकते आणि पारवा झाड टाळतो. एकीला घर म्हणजे पिलांसाठी टांगलेला जीव आहे, दुसऱ्याजवळ जीव टांगावा असं कोणीच नाही, निदान कवितेत तरी दिसत नाही.' बघ, दोन वाक्यं आहेत फक्त, अवघड शब्द एकही नाही. 'प्रतिमासृष्टी', 'भावविश्व', 'चिरंतन मूल्य' असले शब्द टाकायचा मोह होईल, एखादा चालेल, पण प्रत्येक वेळी त्याच्या जागी कवितेतलाच शब्द ठेवता येतो का ते आधी बघ.

कवींच्या आयुष्याची माहिती पण बेताने वापर. बहिणाबाईंनी काय सोसलं, बालकवी किती लवकर गेले, हे आपल्याला माहिती असतं आणि ते इतकं हलवणारं असतं की कविता वाचायच्या आधीच आपण ती करुण ठरवून टाकतो. एखादी ओळ पुरे.

आता औदुंबर. मला पण ती फार आवडते, आठच ओळी आहेत आणि मी ती एकदा तुझ्यासारखीच कुठेतरी बसवायला गेले होते. घराच्या धाग्यात घेऊन बघितली, कारण तिच्यात 'चार घरांचं गाव' आहे ना. मग 'पण'ची परीक्षा केली आणि तिथे अडले. ते गाव लांब टेकडीकडे दिसतं तेवढंच, कोणी घर बांधत नाही, कोणाचं पडत नाही, आणि पांढरी पायवाट तर गावाला मागे टाकून शेतामळ्यांतून काळ्या डोहाकडे निघून जाते. घर तिथे आहे, पण कवितेला त्याच्याशी काही करायचं नाहीये. म्हणून मी ती सोडली. जबरदस्तीने घेतली असती तर तीन कवितांची चार झाली असती आणि बाकीच्या तिघींचं पण म्हणणं पातळ झालं असतं.

पण ती कुठेच बसत नाही असं मात्र मी म्हणणार नाही, या गटात बसत नाही एवढंच. तू तिच्यातले रंग एकदा ओळीने लिहून काढ. हिरवा, निळासावळा, परत हिरवा, मग पांढरा, परत हिरवा, आणि शेवटी काळा. हिरव्यातून निघून काळ्यात पोचणारी ती वाट आहे, आणि तिथे एक झाड माणसासारखं पाण्यात पाय सोडून बसलंय. आता तुझ्या संग्रहात अशी दुसरी कुठली कविता आहे जी उजेडातून निघून अंधारात पोचते आणि तरीही घाबरत नाही? ते मला माहिती नाही कारण मी अनुक्रमणिकाच बघितलीये, तुझ्याजवळ पुस्तक आहे. ही जोडी तू लाव. आणि जमली तर घराचा निबंध राहू दे, हाच लिही, कारण जी कविता आपल्याला सगळ्यात आवडते तिच्याबद्दल लिहिताना आपण जास्त वेळ बसतो.

राहिलं शीर्षक. ते आत्ता ठरवू नकोस, सगळं लिहून झाल्यावर ठरव आणि शक्यतो कवितांतलेच शब्द घे, 'निसर्ग आणि मानव: एक तुलनात्मक अभ्यास' असं काही नको. मी माझ्या वहीत त्या तीन कवितांवर पेन्सिलने 'खोपा, धर्मशाळा, घरटं' असं लिहून ठेवलं होतं, ते अजून तिथे आहे. ते मात्र तू घेऊ नकोस हं, औदुंबरची जोडीदार सापडली की तिच्यातला शब्द घे, आणि कोणती सापडली ते मला नक्की लिहून कळव.

– तुझी ताई